धाकटी टाकी

रविवारची मिस्सा आटोपल्यावर आमच्या ओसरीवर जी मुले जमतात ती आमच्या भेटीसाठी जमतात, असा आमचा मुळीच समज नाही. ओसरीवर काचेच्या दोन टाक्या आहेत आणि त्यांतील मासे पाहावयास ती येतात. थोरली टाकी पाच फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच. धाकटी अडीच फूट लांब, फूटभर रुंद व सव्वा फूट उंच. गेल्या वर्षी थोरलीत अकरा इंचांचा एक ऑस्कर मासा एकटाच संथपणे फिरत असे, आणि धाकटीत त्याच जातीची दीड-दीड इंचाची तीन पिल्ले होती. “फादर, एवढी मोठी टाकी मोकळी पडली असताना ही लहानगी त्या अरुंद टाकीत का कोंडली?” हा प्रश्न आम्हांस लहानांनी विचारला, मोठ्यांनी विचारला, आणि पाहुणे म्हणून आलेल्या एका धर्मगुरुबंधूंनीही विचारला. प्रत्येकास उभ्या उभ्या उत्तर देणे जमत नाही. शिवाय मासे पाळण्याची हौस हल्ली आमच्या खानापूर तालुक्यातील खेड्यांतूनही पसरली आहे. दुबईहून सुट्टीस आलेला मुलगा बेळगावच्या बाजारातून प्लॅस्टिकच्या पिशवीत मासे घेऊन येतो. सुट्टी संपली की तो परत जातो आणि मासे आईच्या गळ्यात पडतात. म्हणून हे उत्तर जरा विस्ताराने लिहीत आहोत.

थोरली टाकी आम्ही विकत घेतलेली नाही. गोव्यास कायमचे राहावयास गेलेल्या एका कुटुंबाने ती, तिच्यातील माशासह, आमच्या स्वाधीन केली. पिल्ले आणली ती धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी, आपसांत वर्गणी काढून.

ऑस्कर हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. १८३१ साली लुई अगासिझ या निसर्गशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि गंमत अशी की, गोड्या पाण्यातल्या या माशास त्याने खाऱ्या पाण्यातला समजून भलत्याच कुळात घातले. शेपटीच्या बुडाशी नारिंगी कड्याचा काळा ठिपका असतो, थेट डोळ्यासारखा. त्याच्या शास्त्रीय नावात त्या डोळ्याचाच उल्लेख आहे. पिल्लाच्या काळ्या अंगावर पांढऱ्या व नारिंगी नागमोडी रेघा असतात. दुकानात ते इतके गोजिरे दिसते की, हे पुढे केवढे होणार, हा विचार घेणाऱ्याच्या मनास शिवत नाही. नीट सांभाळलेला ऑस्कर फूटभर वाढतो आणि दहा ते पंधरा वर्षे जगतो. म्हणजे पहिलीतल्या मुलाच्या हट्टापायी आणलेला मासा तो मुलगा कॉलेजात जाईपर्यंत घरात असावयाचा.

दुकानदार मात्र एक ठरलेले वाक्य सांगतात: “टाकी जेवढी, मासा तेवढाच वाढतो.” हे वाक्य आम्ही इतक्यांच्या तोंडून ऐकले आहे की, त्याला आता म्हणीची प्रतिष्ठा आली आहे. त्यात तथ्य एवढेच की, कोंदट व घाणेरड्या पाण्यात माशाची वाढ खुंटते. पण खुंटलेला मासा म्हणजे लहान राहिलेला निरोगी मासा नव्हे. पाठ वाकडी होणे, पर झडणे, डोक्यावर खळगे पडणे आणि अर्ध्या आयुष्यात मरणे, हे त्या वाक्याचे पुढचे शब्द आहेत. ते दुकानात कोणी उच्चारीत नाही. लहान टाकी ही लहान माशासाठी काही महिन्यांची व्यवस्था आहे, तिला कायमचे घर समजू नये, हे आम्हांस प्रथम सांगावयाचे आहे. मोठी टाकी घरात पाण्याने भरून तयार नसेल तर लहान मासा आणूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘पुढे बघू’ म्हणणाऱ्यांचे मासे पुढे कोठे जातात, ते खाली येईलच.

मग मोठी टाकी तयार असूनही पिल्ले वेगळी का? पहिले कारण कोणासही पटावे असे आहे. ऑस्करच्या तोंडात जे मावते ते त्याच्या पोटात जाते. अकरा इंची माशापुढे दीड इंची पिल्लू म्हणजे सकाळची न्याहारी. ते आपल्याच जातीचे आहे हा विवेक त्याच्या ठायी नाही. दुसरे असे की, बाजारातून आलेला मासा अंगाखांद्यावर रोग घेऊन येतो. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तर आल्या दिवशी दिसतही नाही. तीन-चार आठवडे वेगळे ठेवून पाहिले तर तो त्याच टाकीत आटोक्यात आणता येतो, औषधही थोड्या पाण्यापुरते लागते, आणि थोरल्या टाकीतील जुना मासा वाचतो. तिसरी गोष्ट जेवणाची. पिल्लांस दिवसातून तीन वेळा थोडे थोडे लागते. पाच फुटांच्या टाकीत टाकलेला मोहरीएवढा दाणा त्यांना सापडेपर्यंत तळाशी जाऊन कुजू लागतो. लहान टाकीत मात्र कोणी खाल्ले, कोणी नाही, हे नाक काचेला लावून पाहणारा सात वर्षांचा मुलगाही सांगू शकतो.

यात आम्ही काही नवे शोधून काढलेले नाही. तळ्यात रोहू, कटला, मृगळ वाढविणारे शेतकरी हेच करीत आले आहेत. अंड्यातून निघालेले मत्स्यजिरे जेमतेम सहा ते आठ मिलिमीटरांचे असते. ते प्रथम लहानशा संगोपन तळ्यात पंधरा-वीस दिवस ठेवतात. इंचभर झाले की दुसऱ्या तळ्यात दोन-तीन महिने, आणि बोटाएवढे झाले, म्हणजे त्याची बोटुकली झाली, की मगच मोठ्या तलावात. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशांच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांस बंदिस्त पाण्यात अंडी घालावयास लावले. तेव्हापासून नदीतून बीज गोळा करीत हिंडण्याची गरज उरली नाही, आणि १० जुलै हा दिवस आपल्या देशात मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. पण बीज हाती आले तरी ते जगवावयाचे कसे, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर या टप्प्याटप्प्याच्या तळ्यांत आहे. जिरे थेट तलावात सोडणाऱ्याच्या हाती वर्षअखेर काय लागते, ते कोणाही जाणत्या मत्स्यशेतकऱ्यास विचारावे.

एवढे ऐकल्यावर लोकांस वाटते की, लहान टाकी म्हणजे काम सोपे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. माशाच्या कल्ल्यांवाटे अमोनिया नावाचे विष रात्रंदिवस पाण्यात उतरत असते. उरलेले अन्न व विष्ठा कुजूनही तेच तयार होते. नदीत ते पांगते आणि वाहून जाते. काचेच्या टाकीत जाणार कोठे? थोरली टाकी काठोकाठ भरली तर सुमारे ५६६ लिटर पाणी मावते, धाकटीत ८८ लिटर. चहाच्या कपात चिमूटभर मीठ टाकावे आणि घागरीत चिमूटभर टाकावे, तसा हा फरक आहे. एका दुपारी कोणी प्रेमाने मूठभर दाणे जास्त टाकले तर थोरली ते सोसते, धाकटीत दुसऱ्या दिवशी पिल्ले पाण्याच्या पृष्ठावर तोंड काढून धापा टाकतात.

या विषावर उतारा निसर्गानेच ठेवला आहे. काही सूक्ष्म जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जंतू मातीतून वेगळे करून दाखविले. शेतातले तेच काम टाकीतही चालते. नायट्राइटही घातकच असते, कारण त्यामुळे माशाच्या रक्तास प्राणवायू वाहता येत नाही. नायट्रेट त्या मानाने सौम्य, आणि पाणी बदलले की कमी होते. पण नव्या टाकीत हे जंतू पुरेसे वाढावयास चार ते सहा आठवडे लागतात. पिल्ले आणण्याची मुलांस अतोनात घाई झाली होती, तरी आम्ही त्यांना दीड महिना थांबविले ते यासाठी. तेवढ्या काळात हवेच्या पंपावर चालणारा एक नवा स्पंज आम्ही थोरल्या टाकीत सोडून ठेवला. स्पंजाच्या छिद्राछिद्रांत जंतूंनी बिऱ्हाड केले, आणि मग तो स्पंज धाकटीत हलविला. असा स्पंज पिल्लांच्या टाकीस फार उत्तम. मोठ्या यंत्राच्या ओढीने इवलेसे मासे नळीस चिकटतात, स्पंजापाशी तो धोका नाही. फक्त तो नळाच्या पाण्याखाली चोळून धुऊ नये, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्या जंतूंचा संहार करते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो दोनदा पिळावा.

पाणी आम्ही आठवड्यातून दोनदा, दर वेळी चौथा हिस्सा बदलतो. नळीने तळचा गाळ ओढून काढावयाचा आणि नवे पाणी टाकीतल्याइतकेच कोमट करून हळूहळू सोडावयाचे. आमच्याकडे विहिरीचे पाणी आहे, त्यात क्लोरीन नाही. परंतु विहिरीच्या खोल पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून ते रात्रभर पिंपात भरून त्यात हवा सोडतो. ज्यांच्याकडे नळ आहे त्यांनी क्लोरीन मारणारे थेंब घालावेत; ते मासेविक्याकडेच मिळतात. हिवाळ्यात आमच्याकडची थंडी अ‍ॅमेझॉनच्या माशास मानवत नाही. शंभर वॉटचा हीटर धाकटीत आहे आणि पाणी २६ अंशांच्या आसपास राहते.

जुलैतील एक रात्र मुले अजून एकमेकांस सांगतात. आमच्याकडचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना वीज जाण्याचे वर्णन करून सांगावयास नको. सायंकाळी सातला वीज गेली. बॅटरीवरचा लहान पंप आम्ही लावला, तो रात्री एकपर्यंत चालला. पिल्ले तोवर तीन-साडेतीन इंचांची झाली होती. दोनच्या सुमारास कंदील घेऊन पाहतो तो तिन्ही पृष्ठभागाशी उभी, कल्ले भराभरा हालत आहेत. शेजारच्या घरातील दोघे भाऊ आमच्या हाकेसरशी धावत आले. एकाने तांब्याने पाणी काढावयाचे आणि हातभर उंचीवरून परत टाकीत ओतावयाचे, म्हणजे पडताना त्यात हवा मिसळते. दमला की दुसऱ्याने तांब्या घ्यावयाचा. तिसरे आम्ही. असे पहाटे पाचपर्यंत चालले. थोरल्या टाकीतला मासा त्या रात्री तळाशी शांत पडून होता. त्याच्या वाट्यास पाणीच इतके होते की, त्याला उजाडेपर्यंत काही जाणवले नाही. त्या दोघा भावांपैकी धाकटा दुसऱ्या दिवशी शाळेत बाकावर झोपला आणि त्याला मास्तरांचे बोलणे खावे लागले. आम्ही मास्तरांस चिठ्ठी लिहिली.

खाण्याविषयी थोडक्यात. बारीक दाणे हे मुख्य अन्न. त्याखेरीज डासांच्या अळ्या आणि स्वच्छ धुऊन चिरलेली गांडुळे. दोन मिनिटांत जेवढे संपते तेवढेच द्यावे. मोठ्या माशास दिवसातून एकदा पुरते आणि आठवड्यातून एक दिवस काही न दिले तर बरेच असते. त्याच्या उपवासासाठी आम्ही शुक्रवार निवडला. त्यावर आमच्या स्वयंपाकीणबाईंनी जो शेरा मारला तो येथे लिहिण्याजोगा नाही. काही हौशी लोक पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ऑस्करपुढे जिवंत सोनमासे सोडतात. हा तमाशा आम्हांस आवडत नाही. त्यापासून रोग येतो हे तर आहेच, शिवाय सोनमाशाच्या मांसात ‘ब१’ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते, त्यामुळे रोज तेच खाणारा मासा भरल्या पोटी खंगतो.

दुसऱ्या महिन्यात एक गोष्ट ध्यानात आली. तिन्ही पिल्ले एकाच दिवशी, एकाच पिशवीतून आली होती, परंतु एक झपाट्याने मोठे झाले. दाणे पडले की ते मध्ये घुसे. दुसरे त्याच्या बगलेतून आपला वाटा मिळवी. तिसरे कोपऱ्यात डोके खाली करून उभे, त्याचे पर फाटलेले. मुलांनी मोठ्याचे नाव एका कुस्तीगिराच्या नावावरून ठेवले होते आणि त्याच्या पराक्रमाचे त्यांना कौतुकच होते. तिसऱ्यास नावच नव्हते. संगोपन तळ्यातही असे होते. काही जिरी पुढे जातात, ती जितकी पुढे जातात तितके अधिक खातात, आणि जितके अधिक खातात तितकी अधिक पुढे जातात. म्हणून शेतकरी जाळे फिरवून आकाराप्रमाणे निवड करतात. आम्ही प्लॅस्टिकची जाळी कापून धाकटीत आडवी बसविली. पाणी दोन्हीकडे तेच, खाणे वेगळे. तीन आठवड्यांत फाटके पर भरून आले आणि चौथ्या आठवड्यात ते पिल्लू आमचे बोट काचेवर दिसताच पुढे येऊ लागले. त्यास नाव मिळाले ते त्यानंतर.

महिन्यास सुमारे इंचभर, या गतीने सहाव्या महिन्यात दोघे सहा इंचांपलीकडे गेले. धाकटीत त्यांना वळावयास जागा अपुरी पडू लागली आणि पाणी तिसऱ्या दिवशीच जड वाटू लागले. आता आणखी ठेवणे म्हणजे त्यांचे वाईट करणे. परंतु थोरल्या टाकीचा मालक आपले राज्य सुखासुखी वाटून देणार नव्हता. आम्ही आधी तेथील सर्व दगड उचलून नव्या जागी मांडले, म्हणजे त्याची ओळखीची हद्द मोडली. मग मध्ये जाळी लावली, ओसरीवरचा दिवा मालविला आणि दोघांस बादलीतून अलगद आत सोडले. जाळ्यातून उचलले असते तर पर फाटले असते. आठवडाभर तिघे जाळीतून एकमेकांस न्याहाळीत होते. जाळी काढल्यावर म्हाताऱ्याने कल्ले फुगविले, जबड्यात जबडा घालून एकाशी थोडी ओढाताण केली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने दोघांचे अस्तित्व मान्य केले. टाकीवर जड झाकण मात्र हवेच. ऑस्कर उडी मारतो.

पाच फुटांच्या टाकीत तीन ऑस्कर हीच मर्यादा. चौथ्याची, म्हणजे त्या मागे पडलेल्याची, सोय आम्ही आधीच पाहून ठेवली होती. एका निवृत्त शिक्षकांकडे चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकी होती. आम्ही जाऊन ती पाहिली, पाणी तपासले, आणि मग मासा दिला. गुरुजींस आमच्या चौकशीचा किंचित राग आला असावा.

परंतु ही चौकशी का करावी लागते, ते आता सांगतो. गेल्या पावसाळ्याच्या आरंभी आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आले. त्यांच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी ‘शार्क’ म्हणून दोन इंचांचा मासा आणला होता. तो शार्क नव्हेच. आग्नेय आशियातील मेकाँग नदीतला तो पंगस मासा. तो मीटरभराहून अधिक वाढतो, आणि आपल्याकडे तळ्यांतून खाण्यासाठीही वाढविला जातो. दोन फुटांच्या टाकीत तो सव्वा फुटाचा होऊन बसला होता, नाक काचेवर आपटून सोललेले. “फादर, आता मलप्रभेत सोडतो. मुका जीव आहे, मोकळा होईल. तुम्ही फक्त बरे म्हणा,” असे ते म्हणाले. त्यांच्या मनात दयाच होती. आम्ही बरे म्हटले नाही.

२०२३ साली भोपाळच्या मोठ्या तलावात आणि श्रीनगरच्या दल सरोवरात सुसरीसारख्या लांब जबड्याचा अ‍ॅलिगेटर गार मासा सापडला. तो उत्तर अमेरिकेचा. तो आपल्या पायांनी काश्मिरात आलेला नाही, कोणाच्या तरी टाकीत तो आधी हातभर झाला असणार. काच स्वच्छ ठेवतो म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेचा खरबरीत पाठीचा प्लेको तर तेलंगणा व आंध्रातील तलावांत वस्ती करून राहिला आहे. त्याच्या काट्यांनी कोळ्यांची जाळी फाटतात आणि जाळ्यात आलेला तो मासा कोणी घेत नाही. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात ऑस्करही असाच पसरला. परका मासा नदीत मेला नाही तर तो तेथल्या माशांचे अन्न खातो, त्यांची पिल्ले खातो, टाकीतले रोग नदीत नेतो. मलप्रभेच्या काठी गळ टाकून संध्याकाळचे कालवण मिळविणारी घरे आमच्या धर्मग्रामात आहेत. त्या गृहस्थांचे सख्खे मेहुणे त्यांपैकीच एक, हे आम्ही त्यांना आठवून दिले, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग याला मारू का, फादर?”

मारण्याची पाळी आली नाही. आमच्या परसात बागेच्या पाण्याचा सिमेंटचा हौद आहे: सहा फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट खोल, म्हणजे सुमारे दोन हजार लिटरांचा. त्यात हवेचा पंप सोडून, वर जाळी बांधून आम्ही त्या माशास तात्पुरते ठेवले. पंगसची शेती करणाऱ्या एका शेतकऱ्याशी बोलणे झाले आहे. पाऊस सरून वाट सुकली की टेंपो आणून तो मासा घेऊन जाणार आहे. घेऊन गेल्यावर तो त्याचे काय करील हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. तोवर त्या गृहस्थांचा मुलगा दर शनिवारी सायकलवरून येतो, हौदातील निम्मे पाणी केळीच्या आळ्यांत सोडतो आणि विहिरीवरून नवे ओढून भरतो. केळी यंदा जोरात आहेत. स्वयंपाकीणबाई मात्र हौदाशी जावयास तयार नाहीत. संध्याकाळी तो मासा एकदम उसळतो आणि त्यांच्या पदरावर पाणी उडते.